बसल्या जागी सात कोस

लाकडी सामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये खुर्च्या दीडशे होत्या आणि माणसं तीनशे. समोरच्या चौथऱ्यावर मनकवडे बसले होते. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मनातलं ओळखतात, म्हणून मनकवडे. पुढ्यात जाडजूड ग्रंथ उघडा, डोळे अर्धे मिटलेले.

"एकवीस नंबर!"

नळदुरुस्तीवाला उभा राहिला.

"काल पहाटे चारला उठलास. अंधारात बसून राहिलास. संध्याकाळी एका दारापर्यंत गेलास आणि माघारी फिरलास."

"भावाचं घर ते, महाराज!" नळदुरुस्तीवाल्यानं हात जोडले. "तीन वर्षं बोलणं नाही."

"ठाऊक आहे," मनकवडे म्हणाले. सगळ्या हॉलनं एकदमच सुस्कारा सोडला.

"एकतीस नंबर!"

हा नंबर शिवणकाम करणाऱ्या मावशींचा. त्यांच्या सोबतीला आलेली, फोनचे प्रोग्रॅम लिहिणारी भाची मागच्या भिंतीला टेकून उभी होती.

"माउली, काल तू सात कोस चाललीस."

"नाही हो महाराज, दिवसभर मशीनवरच होते. शाळेचे पडदे शिवत होते."

"देह बसला होता," डोळे न उघडता मनकवडे म्हणाले. "चाललं ते आतलं. आणि एवढं चालणाऱ्याला साखरेच्या गोळ्या कशाला? सोड त्या."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. पोटऱ्या तर खरोखरच दुखत होत्या.

भाची मात्र भिंत सोडून ताठ उभी राहिली. बसलेलं माणूस चालतंय असं समजण्याची ही चूक तिच्या ओळखीची होती. तिनं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तीच चूक राहिली होती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "मावशी, शिवताना फोन कुठे असतो?"

"ॲप्रनच्या खिशात. मांडीवर."

"मग पायडल मारताना मांडी हलते, फोन हलतो, आणि त्याला वाटतं तू चालते आहेस. मनकवड्यांनी नंबर लावायला जे ॲप दिलंय ना, ते सगळं त्यांना कळवतं. गोळ्यांचं तर नंबर लावताना तूच त्यात भरलंस."

"तुला देवमाणसातही खोट दिसते. जे तुझ्या यंत्राला कळत नाही ते त्यांना कळतं, यात नवल काय?"

गोळ्यांची पाकिटं बटणांच्या खणात गेली. भाचीनं ती दोनदा बाहेर काढून ठेवली, दोन्ही वेळा ती परत गेली.

दहाव्या दिवशी शिवता शिवताच मावशींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जीभ कोरडी, बोलणं अडखळतं. शेजारचे गाडी शिकवणारे काका त्यांना शिकवणीच्या गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी साखर मोजली आणि आकडा पाहून पुन्हा मोजली.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

मावशींनी छताकडे पाहिलं. तीन दिवस सलाइन चालू होतं. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा काका मावशींचा फोन घेऊन आले. "सीटखाली घसरला होता. आज कंगवा शोधताना सापडला. बरं झालं, जाताना मी त्याला गाडीतला चार्जर लावला होता."

भाचीनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी फोनकडे पाहिलं.

"तीन दिवस हा गाडीत होता?"

"शिकाऊ मंडळींबरोबर. सकाळ-संध्याकाळ."

मावशी म्हणाल्या, "उद्या जायचं. मीच विचारते. खरा असेल तर सांगेल."

दुसऱ्या दिवशी हॉल तसाच खच्चून भरला होता. एकतीस नंबर पुकारला गेला.

"भटकते आहेस, माउली," मनकवडे म्हणाले. "तीन दिवस वाहनात. त्याच चौकाला वळसा, पुन्हा तोच वळसा. थांबतेस, निघतेस, पुन्हा थांबतेस. चित्त थाऱ्यावर नाही."

"आणि तब्येत?"

"ठणठणीत! गोळ्या सोडल्याचं फळ."

मावशींनी हात वर केला. मनगटापाशी सुईची काळीनिळी खूण होती, वर चिकटपट्टी. "तीन दिवस मी दवाखान्यात पडून होते. उठून संडासालाही आधार लागत होता."

"देह खाटेवर होता—"

"मग वळसे कुणाचे?"

"माझे!" मागून काका उठले. "म्हणजे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बाईंचे. उजवीकडे वळायचं म्हटलं की त्यांची गाडी बंद पडते."

कुणीतरी हसलं. तेवढ्यात भाची चौथऱ्यावर चढली आणि तिनं तो जाडजूड ग्रंथ लोकांकडे फिरवला. पानं आतून कापलेली होती. पोकळीत एक टॅब्लेट होता आणि त्यावर लिहिलेलं होतं: नंबर एकतीस, वाहनात चौदा तास, थांबे दोनशे सहा.

"यातला हालचाल मोजणारा भाग मी लिहिलाय," ती म्हणाली. "फोनला हालचाल कळते, उजेड कळतो, ठिकाण कळतं. त्यावरून माणूस चालतोय, झोपलाय की गाडीत आहे, हे ओळखणारं फ्रेमवर्क आमच्या ऑफिसनं केलं. बेतून ठेवलेलं कापड समजा. ज्याला जे हवं ते त्यानं शिवावं. म्हातारी माणसं पडली तर घरच्यांना कळावं, म्हणून केलं होतं. यांनी त्यातून हे शिवलं. नंबर लावताना 'परवानगी द्या' असं पाचदा विचारलं होतं, आठवतं? आपण पाचही वेळा हो म्हटलं."

"पण सात कोस?" कुणीतरी ओरडलं.

"ती माझी चूक. शिवणयंत्राचं पायडल त्याला चालणं वाटतं. मला वर्षापूर्वीच कळलं होतं. 'नंतर पाहू' असा शेरा मारून ठेवून दिलं."

नळदुरुस्तीवाला पुढे आला. "माझ्या भावाचं यांना कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. फोननं एवढंच कळवलं की पहाटे चारला तो अंधारात हातात होता, आणि संध्याकाळी एका दाराशी चार मिनिटं थांबून परत फिरला. दार भावाचं, हे तुम्ही बोललात. यांनी फक्त 'ठाऊक आहे' म्हटलं."

मनकवडे उठले. आजची वेळ संपल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि चपला न घालताच मागच्या जिन्यानं उतरले. हॉलमध्ये लोक माना खाली घालून ॲप काढून टाकू लागले. अकरा जण मात्र चौथऱ्यासमोर रांग लावून उभे राहिले. इतक्या लांबून आलो आहोत, दर्शन घेऊनच जाऊ, म्हणाले.

मावशी त्या अकरा जणांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी खुर्ची पुढे केली, तरी बसल्या नाहीत.

"मी काही शिकलेली नाही," त्या म्हणाल्या. "पण मरता मरता वाचले, म्हणून सांगते. तुमच्याबद्दल कुणी काही बरोबर सांगितलं, तर पाया पडायच्या आधी विचारा, तुम्हाला कळलं कसं? खरा असेल तो सांगेल. रागावला तर घरी जा. आणि औषध सोडायचं झालं, तर ज्यानं दिलंय त्यालाच विचारा."

रांगेतले सात जण निघाले. चौघं राहिले. मावशींनी खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर मांडली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.