डावीकडचा स्पीकर

"दादा, तुझ्या जागी दुसरं कोणी असतं ना, तर मी कोपरापासून हात जोडले असते," असं म्हणत दीर मोटरसायकलचं पुढचं कव्हर पुन्हा उघडायला बसला.

गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवायचं त्याचं दुकान आहे. माझा नवरा त्याचा थोरला भाऊ, म्हणजे घरचं गिऱ्हाईक. त्याला नाही म्हणता येत नाही आणि हाकलताही येत नाही. नवऱ्याची ही गाडी लांबच्या प्रवासाची. मागे सामानाच्या पेट्या, पुढे हँडलच्या दोन्ही बाजूंना स्पीकर. मागच्या सहलीत घाट उतरताना डावा स्पीकर टक् करून बंद पडला, हे तो परत आल्यापासून सगळ्यांना सांगत होता. म्हणून मग नवे, मोठे स्पीकर आणि सीटखाली नवा अँप्लिफायर. रविवारी मित्रांबरोबर पुन्हा निघायचं होतं.

मला ती सहलच नको होती. मुलगी झाल्यापासून ही गाडी गेटबाहेर पडली की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. नवरा म्हणतो, "काळजी करण्यात तू पदवी घेतलीयस." पदवी खरं तर वनस्पतिशास्त्राची आहे.

दिराने कव्हर लावून गाणं सुरू केलं. नवरा सीटवर बसून, डोळे बारीक करून ऐकत राहिला.

"नाही रे. डावा अजून मेलेलाच आहे."

दिराने आधी डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवून पाहिला होता. मग वायर बदलली. आता तर डावीकडे दुकानातला कोरा स्पीकर लावला होता.

"माझा माल खोटा, वायर खोटी, अँप्लिफायरसुद्धा खोटा. दुनियेत तू एकटाच खरा!"

"अरे, येत नाही आवाज तर येतोय म्हणू का, तुला बरं वाटावं म्हणून?"

"वहिनी, तुम्ही बसा बरं. तुम्हीच काय तो निकाल लावा."

कडेवरची आमची लेक, ठमी, नवऱ्याकडे देऊन मी सीटवर बसले. पुढून आवाजाचा लोंढाच अंगावर आला.

"भावोजी, डावा तर जास्तच वाजतोय. कानठळ्या बसतायत!"

"वाजणारच. दादासाठी डावीकडचा आवाज शेवटपर्यंत चढवलाय मी."

"तिला गाण्यातलं काय कळतं?" नवरा म्हणाला.

"गाण्यातलं नसेल कळत, आरडाओरड्यातलं कळतं. दिवसभर तुझ्या लेकीचा ऐकते."

दीर खो खो हसला. मी उतरले, तसा नवरा ठमीला घेऊन परत चढला. पण तिला मागच्या पेटीवरचा लाल दिवा हवा होता. ती त्याच्या खांद्यावरून मागे झेपावायला लागली. शेवटी तो गाडीवर उलटा फिरून बसला, शेपटाकडे तोंड करून. ठमी खूश. गाणं चालूच होतं.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "आता उजवा गेला. डावा मस्त वाजतोय! काय केलंस तू?"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही. भूत आहे तुझ्या गाडीत, दादा."

दोघं भाऊ हसत सुटले. मला हसू येईना. मी गाडीकडे पाहत होते, मग त्याच्याकडे. तो उलटा बसला होता. गाडीचा उजवा स्पीकर आता त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला होता.



"भावोजी, गाणं बंद करा."

मी नवऱ्याच्या डाव्या बाजूला, जरा मागे जाऊन उभी राहिले आणि त्याच्या कानाशी बोटं चोळली. तो ठमीला गुदगुल्या करत राहिला. मी चुटकी वाजवली. ठमीने वळून पाहिलं, त्याने नाही. उजवीकडे जाऊन नुसती बोटं चोळली, तर लगेच म्हणाला, "काय गं, माशी हाकलतेस का?"

दिराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

"स्पीकर गेलाच नव्हता रे," मी म्हणाले. "तुझा कान गेलाय."

"काहीतरीच तुझं! सर्दीने दडे बसले असतील."

"घाटात टक् झालं, तेव्हा कुठलं गाणं चालू होतं?"

"कुठलं म्हणजे... ते आपलं..." दीर त्याच्याकडे बघत होता, मीही. "वळणं फार होती," तो हळूच म्हणाला. "म्हणून मी गाणं बंद केलं होतं."

दिराने पुढे होऊन गाडीची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात घातली. नवऱ्याने ती मागितली नाही.

संध्याकाळी आम्ही कानाच्या डॉक्टरीणबाईंपुढे होतो. ठमी दिराजवळ, बाहेर. सगळं ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, "असा कान अचानक गेला तर त्याच आठवड्यात यायचं हो. इतके दिवस काय करत होतात?"

"स्पीकर बदलत होतो," नवरा म्हणाला. थट्टा नव्हती ती.

मग त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं. तपासणाऱ्या मुलीच्या शेजारी स्टुलावर मी बसले. उजव्या कानाला तिने आवाज दिले. बोट वर, खाली, वर, शहाण्या विद्यार्थ्यासारखं. मला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, इतके ते बारीक होते.

"आता डावा," ती म्हणाली.

तिने बटण फिरवलं. बोट गुडघ्यावर. आणखी फिरवलं. तो समोर भिंतीकडे बघत होता, मन लावून, कधीही आवाज येईल अशा तयारीने. तिने पुन्हा बटण फिरवलं, आणि बंद दाराच्या, जाड काचेच्या अलीकडे मला तो आवाज ऐकू आला, बारीक शिट्टीसारखा, अगदी स्पष्ट.

त्याचं बोट गुडघ्यावरच होतं.