शब्दाची कळ

सकाळचे ऊन आमच्या खोलीत थेट येत नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या काचांवर पडते, तिथून उसने घेतल्यासारखे आमच्या खिडकीत उतरते, आणि पडद्याच्या विरलेल्या कडेतून आत शिरून भिंतीवर एक फिकट, थरथरता चौकोन मांडते. त्या चौकोनाला घाई नसते. बंद पडलेल्या घड्याळावरून, रिकाम्या खिळ्यावरून तो इतक्या सावकाश खाली सरकतो की हलताना कधी दिसतच नाही. फक्त मघाशी जिथे होता तिथे आता नसतो. टेबलाशी आला की तो मोडतो, आडवा होतो आणि कीबोर्डवर पसरतो. मग कळांमधल्या फटीतली धूळही सोन्यासारखी दिसू लागते. त्या दिवशी मी उठल्यापासून त्याच्याकडेच पाहत होतो. तो कीबोर्डपर्यंत पोचायच्या सुमारास ताई येणार होती.

आई शेजारी बसून दुधात बिस्किट बुडवत होती. तिने केस नीट विंचरले होते. मला तेवढ्यानेही धीर आला.

एके काळी याच खोलीत तिचा संगणकाचा क्लास चाले. टीव्हीला जोडलेले वहीएवढे एकच यंत्र आणि त्याभोवती दाटीवाटीने बसलेली मुले. त्या यंत्राची रीत न्यारी होती. त्याला आज्ञा अक्षरे जुळवून द्यायची नसे. एकेका कळेवर अख्खा शब्द छापलेला असे. ओळीचा क्रमांक देऊन ‘पी’ची कळ दाबली की पडद्यावर ‘प्रिंट’ हा पूर्ण शब्द उमटे. नवी मुले हमखास पाचही इंग्रजी अक्षरे बडवत, आणि पडद्यावर ‘प्रिंट रिंट’ असे काहीतरी बोबडे उमटे. मग आई म्हणे, “शब्द लिहायचा नाही, शब्दाची कळ दाबायची.” पहिला धडा ठरलेला होता: यंत्राकडून आपले नाव लिहून घ्यायचे. नाव पडद्यावर आले की आई विचारी, “नाव छान आहे. कुणी ठेवलं?” या प्रश्नाने लाजरीबुजरी पोरेही बोलती होत. मीही त्यांच्यात कोपऱ्यात बसे. मला मात्र हा प्रश्न तिने कधी विचारला नाही. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

ते यंत्र केव्हाच निकामी झाले. अलीकडे मी लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्राम, बसवला. पण सोंग पडद्यापुरतेच, लॅपटॉपला जोडलेला कीबोर्ड आजचा. कळांवर शब्द नाहीत, अवतरणचिन्ह भलत्याच जागी. आई अडखळू लागली तेव्हा मी कळांवर कागदी पट्ट्या चिकटवून त्यांवर सुबक अक्षरांत शब्द लिहिले.

हा खटाटोप करमणुकीसाठी नव्हता. घरात गॅस उघडा राहू लागला होता. मी दिवसभर कामावर, आई एकटी. ताईने तिला आपल्याकडे न्यायचे ठरवले. मी म्हणालो, गॅसचे बटण सैल झाले आहे. दार उघडे राहिले तेव्हा कुलूप जुने होते. फोनवर आईने ताईला परक्यासारखे ‘कोण बोलतंय’ म्हणून तीनतीनदा विचारले, तेव्हा फोनचा आवाज बारीक होता. ताई म्हणाली होती, “तुझ्या घरात वस्तूच तेवढ्या वेंधळ्या आहेत रे.”

शेवटी मीच अट घातली. आईने ताईसमोर पहिला धडा कुणाच्याही मदतीशिवाय करून दाखवायचा. जमला तर ती इथेच राहील. ताईला हे पोरकट वाटले असणार. तरी ती हो म्हणाली. मला समजावण्याचा दुसरा मार्ग तिला दिसत नसावा.

ताई आली. आईने हसून तिला म्हटले, “या, बसा.” ताईने माझ्याकडे पाहिले. मी पडदा नीट करू लागलो.

आईने कीबोर्ड पुढे ओढला. पाठ ताठ झाली, मनगटे उचलली गेली. क्षणभर क्लास भरल्यासारखा वाटला. तिने ओळीचा क्रमांक दिला. मग ‘पी’. ‘प्रिंट’ उमटले, आणि मी कोंडलेला श्वास सोडणार, तोच तिचे बोट पुढच्या अक्षराकडे गेले. मग त्याच्या पुढच्या. पडद्यावर ‘प्रिंट रिंट’ उभे राहिले. तिने पुढे अवतरणचिन्ह देऊन एंटर दाबले, आणि ओळीत एक प्रश्नचिन्ह लुकलुकू लागले.

“कीबोर्डचाच घोळ आहे,” मी म्हणालो. “नवे कीबोर्ड असेच असतात.”

मी धावत जाऊन दुसरा कीबोर्ड आणून जोडला. आईने पुन्हा तितक्याच ऐटीत पाचही अक्षरे टंकली. प्रश्नचिन्ह पुन्हा लुकलुकले. आता ती त्याच्याकडे कौतुकाने पाहत होती, खिडकीत येऊन बसलेल्या पाखराकडे पाहावे तशी.

“राहू दे ना रे,” ताई हळूच म्हणाली.

“थांब, दाखवतो तुला.” यंत्र चुकते हे सिद्ध करायला मी जुना कीबोर्ड पुन्हा जोडून स्वतः बसलो. क्रमांक दिला, पट्टीवरचा शब्द वाचून कळ दाबली, अवतरणात माझे नाव लिहिले, मग चालवण्याच्या आज्ञेची कळ दाबली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात माझे नाव निमूटपणे उमटले. खाली यंत्राने ‘ओके’ म्हटले.

आई पुढे वाकली. तिने नाव एकेक अक्षर करत मोठ्याने वाचले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“नाव छान आहे. कुणी ठेवलं?”

तिची चेष्टेची सवय मला जन्मापासून माहीत होती. मी हसून तिच्याकडे पाहिले. ती उत्तराची वाट पाहत होती, नव्या मुलाची पाहावी तशी, घाई न करता.

“आईनं,” मी म्हणालो.

“हुशार दिसते,” ती म्हणाली, आणि समाधानाने मागे टेकली.

ताई उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचे दार करकरले, हँगर एकमेकांवर आपटले. मी जुना कीबोर्ड मांडीवर घेतला आणि नखाने एकेक पट्टी सोलू लागलो. ऊन टेबलावरून खाली उतरून फरशीवर आले होते.

कीबोर्डात काहीही बिघाड नव्हता.