कॉलरच्या आत

शुक्रवारी शिंप्याचं दुकान दुपारीच बंद व्हायचं. सूर्य मावळला की शब्बाथ सुरू. मग दुसऱ्या दिवशी आकाशात तारे दिसेपर्यंत सुईला हात लावायचा नाही, कात्रीला नाही, दिव्याच्या बटणालाही नाही. आठवड्यातला हा एकच दिवस म्हातारा शिंपी पाठ सरळ करून बसायचा, म्हणून शुक्रवारी सकाळपासूनच त्याला दमल्यासारखं व्हायचं. इतर दिवशी दमायला वेळ नसे.

त्या शुक्रवारी त्याची नात कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्या निवडत होती. दुकानात ती मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी इकडून तिकडे गरगरायची म्हणून आजोबा तिला बॉबिन म्हणत, आणि आता सगळी गल्लीच म्हणायची. पुढच्या महिन्यात तिला बारावं वर्ष पूर्ण होणार होतं. यहुदी घरात बारा वर्षांची मुलगी आज्ञांच्या बाबतीत मोठी धरतात. तिनं काय पाळलं आणि काय मोडलं, याचा जाब मग आईबापांना नाही, तिलाच. त्या वेळी चारचौघांसमोर उभं राहून एखाद्या आज्ञेवर तिला बोलायचं होतं. सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत मुलांना शिकवणारे मास्तर तिला म्हणाले होते, "तू शिंप्याची नात. तू लोकर आणि लिननवर बोल."

"आजोबा, मास्तरांनी मला सगळ्यात टाकाऊ आज्ञा दिली," टेबलाखालून आवाज आला.

"टाकाऊ नसते. अवघड असेल."

"अवघड पण नाही. एका कपड्यात लोकर आणि लिनन एकत्र शिवू नये. संपलं! चोरी करू नको, हे कळतं. आईवडिलांचा मान ठेव, हे पटत नाही पण कळतं. लोकरीनं लिननचं काय घोडं मारलंय?"

म्हातारा हसला. "मलाही माहीत नाही."

"जन्मभर कोट शिवताय आणि माहीत नाही?"

"कोणालाच नाही. लोकर मेंढीची, लिनन जवसाच्या झाडाचं. कोणी काही कारण लावतं, कोणी काही. देवानं सांगितलेलं नाही."

"मग ऐकायचं कशाला?"

म्हाताऱ्यानं सुई उशीत खोचली. लहान मुलांनी प्रश्न विचारला की हातातलं काम थांबवायचं, ही त्याची सवय होती.

"आपले पूर्वज डोंगराच्या पायथ्याशी उभे होते तेव्हा देवानं त्यांच्याशी करार केला. मी तुमचा, तुम्ही माझे, आणि या माझ्या आज्ञा. तेव्हा ते काय म्हणाले? आधी करू, मग समजून घेऊ."

"म्हणजे न वाचताच सही."

"तसंच म्हण."

"पण मी कुठे होते तिथे?"

"होतीस. जे उभे होते त्यांच्याशी, आणि जे जन्मायचे होते त्यांच्याशीही, असा तो करार. मास्तर सांगतात, तूही होतीस आणि मीही होतो."

"मला नाही आठवत."

"मलाही नाही. मला तर सकाळी चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही."

"डोक्यावर आहे."

त्यानं चष्मा खाली ओढला. "ये इकडे. सुती आणि लिननमधला फरक दाखवतो, म्हणजे चार शब्द तरी सुचतील."

कोटाची कॉलर ताठ राहावी म्हणून तिच्या आत कॅनव्हासचा तुकडा घालतात. तो बाहेरून कधीच दिसत नाही. बाजारात हा कॅनव्हास सुती मिळतो तसा लिननचाही मिळतो, आणि रंग अगदी सारखा. म्हणून नवा गठ्ठा आला की शिंपी त्यातला एक धागा ओढून पाहायचा. गल्लीतले लोक आपले कोट त्याच्याकडूनच शिवून घ्यायचे ते यासाठी. कोणी कधी विचारत नसे. शिंप्यानं शिवलाय, एवढं पुरे.

त्यानं चिंध्यांतून कॅनव्हासची एक पट्टी उचलली. गेल्या आठवड्यात मास्तरांचा कोट शिवून दिला, त्याच्या कॉलरची ती कातरण. "हा बघ सुती. पीळ सोडायचा, ओला करायचा आणि ओढायचा. सुती धागा तुटतो तिथे कापसाचा झुबका दिसतो."

बॉबिननं धागा ओढला. जोर लावावा लागला. तट्‌ असा आवाज होऊन धागा तुटला.

"झुबका नाही, आजोबा. टोकं लांब आहेत. सुईसारखी."

"नीट बघ."

"तुम्ही बघा."

त्यानं खिडकीशी जाऊन पाहिलं. दुसरा धागा ओढला. तिसरा ओढला. मग तो स्टुलावर बसला.

हा गठ्ठा पावसाळ्याच्या शेवटी आला होता. त्या संध्याकाळी त्यानं धागा ओढला होता, एवढं त्याला आठवत होतं. डोळे चुरचुरत होते. टोक धूसर दिसलं आणि तो झुबकाच असेल असं त्यानं धरलं. मुलगा वर्षभर मागे लागला होता, "बाबा, आता पुरे झालं, डोळे गेलेत तुमचे." आणि तो दरवेळी म्हणायचा, माझी बोटं बघतात.

"मास्तरांच्या कोटात लिनन आहे," बॉबिन हळूच म्हणाली. "आणि कोट लोकरीचा आहे."

"हो."

"देवाला दिसतं का कॉलरच्या आतलं?"

"देवाला डोळे नसतात, बाळ. त्याला शरीर नाही, रूप नाही, त्याच्यासारखा दुसरा नाही. तो डोकावून बघत बसत नाही."

"मग?"

"मग काय. शब्द दिलेला असतो. कोणी बघो न बघो."

हे बोलल्यावर म्हातारा आणखीच दमला. मुलांना शिकवताना हाच धोका असतो, आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येतं. मास्तरांना सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं. शिंप्याकडून चुकलं हे एकदा कळलं की त्याच्या शब्दावर कोट कोण घालेल? आणि तो शब्द सोडला तर दुकानात होतं काय? जुनं मशीन आणि मोडका आरसा.

"शब्बाथ झाला की त्यांच्या घरी जाऊन सांगीन," तो म्हणाला आणि दुकानाचं दार ओढलं.

घरी सून मेणबत्त्यांची तयारी करत होती. आजोबा आणि नात हात धुऊन सिनेगॉगला निघाले. वारा बोचरा होता. कोपऱ्यावर वळले तर पुढे मास्तर चाललेले, शेजारी बेकरीवाला. मास्तरांच्या नव्या कोटाची कॉलर कानापर्यंत वर केलेली होती. ताठ, सुरेख कॉलर.

बॉबिननं आजोबांचा हात ओढला. "आत्ता सांगायला हवं."

"भर रस्त्यात? उद्याचा दिवस जाऊ दे."

"म्हणजे उद्या दिवसभर ते तोच घालून प्रार्थना करणार."

"त्यांना माहीत नाही. त्यांना दोष लागत नाही."

"आपल्याला माहीत आहे ना! मास्तरांनीच शिकवलंय. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको, ही आज्ञा आहे. आणि ज्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, तो त्या गोष्टीपुरता आंधळाच."

म्हातारा चालतच राहिला. सिनेगॉगची पायरी दिसू लागली. तिथे आणखी चार माणसं गप्पा मारत उभी होती. बॉबिननं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं तिचा हात दाबला.

"थांब. माझी चूक आहे, मी सांगतो." आणि तो ओरडला, "मास्तर! कोट काढा!"

मास्तर वळले. "का हो? तुम्हालाच आवडला म्हणून परत हवाय?"

"कॉलरमध्ये लिनन आहे. मीच घातलंय. माझ्या हातानं."

मास्तरांनी पुढे काही विचारलं नाही. तिथेच रस्त्यात त्यांनी बटणं सोडायला सुरुवात केली. गारठ्यानं बोटं वळत नव्हती. शेवटचं बटण निघेना. शिंप्यानंच ते दुहेरी दोऱ्यानं पक्कं लावलं होतं, आता त्यालाच वाकून सोडवावं लागलं.

"अहो, आत तरी चला!" बेकरीवाला म्हणाला. "पायरी ही काय समोरच. इथे न्युमोनिया व्हायचा."

"बॉबिन," कोटाची बाही ओढत मास्तर म्हणाले, "काय शिकवलं होतं मी?"

"दिसेल तिथल्या तिथे काढायला लावायचं," ती पुटपुटली. "अगदी... अगदी स्वतःचा गुरू असला तरी."

"झालं. तेव्हा वाटलं नव्हतं की धडा एवढा थंड असेल."

पातळ शर्टात मास्तर बगळ्यासारखे दिसत होते. शिंप्यानं अंगातला कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. बाह्या मनगटाच्या खूप वर राहिल्या.

"हा तरी बघितलाय ना?" मास्तरांनी विचारलं.

"जुना आहे. तेव्हा मला दिसत होतं."

वाक्य तोंडातून निघून गेल्यावर शिंप्याला कळलं, आपण काय बोललो ते. पायरीवरची माणसं त्याच्याकडे वळली.

"आणि माझा?" बेकरीवाल्यानं स्वतःची कॉलर चाचपली. "मलाही याच थंडीत शिवून दिलात."

"माहीत नाही. जुना कॅनव्हासही थोडा उरला होता. कुठला कुणाला गेला, सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणे!" बेकरीवाल्यानं चरफडत कोट काढला. "तुमच्या भरवशावर राहिलो आम्ही. डोळे झाकून."

शिंप्यानं मान खाली घातली. पायरीवरच्या चौघांतल्या दोघांनीही एकमेकांकडे पाहत आपापले कोट उतरवले. त्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये निम्मी माणसं शर्टात कुडकुडत प्रार्थना म्हणत होती, आणि प्रार्थना नेहमीपेक्षा लवकर आटोपली.

रविवारी सकाळी शिंप्यानं दुकान उघडलं. मुलाला त्यानं रात्रीच सांगितलं होतं, कोणी आलं नाही तर किल्ली तुझ्याकडे. टेबल पुसलं, टाके उसवायची छोटी सुरी घासून ठेवली आणि तो बसून राहिला. बॉबिन दारात उभी राहून गल्लीकडे बघत होती.

"कोणी येतंय?"

"दूधवाला."

थोड्या वेळानं बेकरीवाला आला. काखेत कोट, तोंडावर आठ्या. कोट टेबलावर आपटून त्यानं स्टूल ओढलं. "माझ्यासमोर उसवायचा. मी इथून हलत नाही."

आजवर दुकानात असं कोणी बसलं नव्हतं. शिंप्यानं एकेक टाका उसवला, कॅनव्हासचा धागा ओढला, आणि डोळ्यांजवळ नेता नेता थांबला. मग त्यानं तो नातीपुढे धरला.

"तू बघ."

बॉबिन खिडकीशी गेली. बेकरीवाला मान ताणून पाहत होता. "झुबका आहे," ती म्हणाली. "सुती."

"पोरीला कळतं का?"

"तिलाच कळलं होतं," शिंपी म्हणाला. "मला नाही."

बेकरीवाल्यानं धागा स्वतःच्या हातात घेतला, उलटसुलट केला, त्याला काहीच कळलं नाही आणि त्यानं तो परत दिला. "बरं. शिवा. पण यापुढे हिनं बघितल्याशिवाय नाही."

"यापुढे हिनंच बघायचं," शिंपी म्हणाला आणि सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करू लागला. तिसऱ्या खेपेला बॉबिननं सुई त्याच्या हातातून घेऊन ओवून दिली.

दुपारपर्यंत टेबलावर कोटांचा ढीग झाला. शेवटी मास्तर आले, शिंप्याच्या आखूड कोटात, नाक लाल झालेलं. स्वतःचा कोट त्यांनी ढिगाच्या तळाशी सरकवला.

"आधी बाकीच्यांचे होऊ द्या. मला घाई नाही."

"मास्तर, मी त्या दिवशी काय बोलू?" चिंध्यांतून मान वर काढत बॉबिननं विचारलं. "कारण तर अजून कळलेलंच नाही."

"मग तसंच सांग."

"एवढंच?"

मास्तर शिंकले. शिंप्यानं पुढचा कोट ओढून कॉलर उलटी केली, चष्मा पुसला आणि पहिला टाका तोडला. पाठ भरून आली होती. शब्बाथला अजून अख्खा आठवडा होता.

"एवढं पुरे," तो म्हणाला. "हा धागा धर."