नागपूरच्या नावाचा नारळ

मी नवसाचा नारळ. दोन वर्षांमागं चैत्रात जानेफळच्या अन्नपूर्णाबाईंनी मला लाल खणात बांधलं, देवघरापुढं धरलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "देवा बालाजी, माह्या कोकिळेचा नागपूरच्या मेडिकलले नंबर लागू दे. लागला की मेहकरले येऊन हा नारळ तुह्या पायाशी फोडीन. तोवर साखर तोंडात घालणार नाही."

तेव्हापासून मी त्यांच्या देवघरातल्या खुंटीवर आहे.

तसा माझा जन्म समुद्राकाठचा. पोत्यात भरून, ट्रकनं हादरत मेहकरच्या बाजाराला आलो. बाईंनी आठ-दहा नारळ कानाशी हलवून पाहिले, शेंडी पाहिली, डोळे पाहिले. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाई, नारळ घेऊन राह्यल्या का जावई पाहून राह्यल्या?" बाई हसल्या, पण पाहणं सोडलं नाही. शेवटी मला घेतलं. देवाच्या कामाला निवडला गेलो, याचं मला फार बरं वाटलं.

खुंटीवरून घर छान दिसतं. किसनराव, म्हणजे बाईंचे यजमान, वांगी-मिरचीचा मळा करतात. नवसाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाईंना गुळाचा चहा पिताना पाहिलं. म्हणाले, "साखर सोडली अन् गुळाले मोकळीक ठेवली! देव बी पाहतच राह्यला असन." बाईंनी त्याच दिवशी गूळही सोडला. वाद घातला नाही.

कोकिळा त्यांची एकुलती एक. अकोल्याला राहून सायन्स शिकत होती. सुटीत आली की देवापुढं हात जोडायची आणि डोळे उघडताना एकदा माझ्याकडं बघायची. त्या बघण्यात काय असायचं, ते मला तेव्हा कळलं नाही.

नवस बोलताना माणसं नावनिशी बोलतात. बाईंनी नागपूर म्हटलं, कारण नागपूरला त्यांचे भाऊ उकंडराव राहतात. पोरगी शिकेल आणि मामाच्या नजरेखाली राहील. आपल्याला केव्हाही अकोल्याहून गाडी धरून नागपूरला जाता येईल. एवढं सगळं त्या एका शब्दात होतं.

यंदा आषाढात नागपूरची यादी लागली. त्यात कोकिळेचं नाव नव्हतं. बाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मग आठवड्यानं एक लिफाफा आला. सोलापूरच्या मेडिकलला जागा मिळाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

मळ्यात हाक मारावी, एवढ्या मोठ्यानं किसनराव हसले. बाई मात्र उंबऱ्यातच बसल्या.

"सोलापूर? तिकडे आपलं कोन हाये?"

"कोनी नाही. म्हून काय झालं?"

"यंदा राहू द्या. पुढच्या साली नागपूरले पुन्हा अर्ज करू. मी देवाले नागपूर बोलली हाये."

"अवं, तू देवाले नवस बोलत होती का पोस्टाचा पत्ता सांगत होती?"

शेजारच्या तानुबाईंना बाईंचंच पटलं. "नवस अर्धा ठिवू नये माय. एक साल थांबली तं काय बिघडते? मामाचं घर, मामीच्या हातची गरम भाकर. सोलापुरात आजारी पडली तं पाणी कोन देईन?"

कोकिळेनं मामाकडून पुढच्या सालासाठी नागपूरचा अर्ज कसा करायचा, ते लिहून मागवलं. दहाव्या दिवशी दुपारी देवघरापुढं बसून तिनं एक कागद लिहायला घेतला. बाई बाजूला वाती वळत होत्या.

"काय लिहून राह्यली?"

"सोलापूरले. येत नाही म्हून."

बाईंचे हात थांबले. "मनापासून?"

कोकिळेनं वर, माझ्याकडं पाहिलं. "दोन सालं तू बिनसाखरेचा चहा पेऊन राह्यली आई. मी सोलापूरले गेली तं हा नारळ तिथंच लटकून राहीन, अन् तू बी तशीच राहशीन. एक साल माहं गेलं तं गेलं."

"अन् पुढच्या साली बी नंबर नाही लागला तं?"

"मंग त्याच्या पुढच्या साली."

हे ती इतक्या सहज म्हणाली की बाई घाबरल्या. मलाही खुंटीवर राहणं नको वाटलं. मी देवाचा म्हणून इथं होतो, आणि ही पोरगी मला ओझ्यासारखी वाहत होती.

बाईंनी तिची हनुवटी धरून तोंड वळवलं. "नारळाकडे नको पाहू. माह्याकडे पाह्य. तुले काय पाह्यजे?"

कोकिळेनं हातातला कागद खाली ठेवला. "नागपूर झालं असतं तं बरंच होतं. मामी हाये, तू येत राह्यली असती. सोलापूरचं भेव लागते मले. माहं 'मले-तुले' ऐकून पोरी हासतीन. पण घरी बसून यादीची वाट पाह्यचं त्याच्याहून जास्त भेव लागते."

बाई उठल्या. मला खुंटीवरून काढलं, खणाची गाठ सैल केली आणि देवाशी बोलल्या, कुणी घरातल्याशी बोलावं तसं. "चुकलं माहं. दोन मागण्या मी एकाच नारळात बांधल्या. डॉक्टरकी तिची होती, ते तू देलं. नागपूर माहं होतं, ते मी वापस घेते. घेतल्याबद्दल पाच शनिवारचे उपास धरीन."

तानुबाई धावत आल्या. "अवं, असा नवस कोनी सोडते काय?"

"सोडून नाही राह्यली तानुबाई. फेडून राह्यली."

आज शनिवार. मेहकरला बालाजीच्या पायरीपाशी बाई मला घेऊन उभ्या आहेत. किसनरावांच्या खांद्यावर कोकिळेची पेटी. तासाभरात तिची एस.टी. आहे, पुढं आगगाडी, पुढं सोलापूर. ती आईला सांगते आहे, की जागा नाही आवडली तर पुढच्या साली नागपूरला अर्ज करीनच. बाई म्हणताहेत, "तुह्यं तू ठरव. मी बोलणार नाही." बोलल्याशिवाय त्यांच्यानं राहवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या प्रयत्न करतील.

बाईंनी मला कपाळाला लावलं. मला फुटायचं भय नाही. नारळाला वाट बघत सुकण्याचंच भय असतं.

बायांनो, निरोप घेतो. तुम्हीही नवस बोला, जरूर बोला. देव ऐकतो, मी त्याच्या जवळ राहून पाहिलं आहे. एवढंच करा: ज्या लेकरासाठी बोलणार, त्याला आधी शेजारी बसवा, त्याची हनुवटी वर करा आणि विचारा, तुला काय पाहिजे. मगच नारळाला गाठ मारा.