डाव्या हातातला कुंचला

मी कुंचला बोलतोय. भिंती रंगवणारा माझा थोराड भाऊ वेगळा. मी फोटो रंगवणारा. खारीच्या शेपटीचे चिमूटभर केस आणि बोटाहून बारीक लाकडी दांडी, एवढाच माझा पसारा.

रंगीत फिल्म येण्याआधी काळ्यापांढऱ्या फोटोंवर हातानं रंग चढवत. आत्या एका स्टुडिओत हेच काम करायची. तिला सगळेच आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. फोटो जरासा ओलसर करायचा, मला पातळ रंगात बुडवायचं आणि श्वास रोखून गालावर टेकवायचं. मालकांचा हुकूम ठरलेला: गाल गुलाबी, ओठ लाल, बाकी शहाणपणा नको. आत्याचा उजवा हात इतका स्थिर, की काम करता करता मला डुलकी यायची.

मग रंगीत फिल्म आली आणि आमची गरज संपली. आत्यानं मला पर्समधून घरी आणलं, पण घरी रंगवायला होतं काय? मी शिलाई मशीनच्या खणात गेलो. चोवीस वर्षं मशीनमधला कचरा झाडला. तक्रार नाही, पण दोऱ्याच्या गुंत्याला रंगाची सर येत नाही.

मागल्या वर्षी आजारपणात आत्याचा उजवा हात लुळा पडला. चालणं-बोलणं सावरलं, हात काही सावरला नाही. ती खिडकीशी बसून राही. साधं बटण लावायलाही भाची लागे, आणि तेच तिच्या मनाला लागे.

भाची म्हणजे तिच्या भावाची मुलगी, सोबतीला राहायला आलेली. येताना तिनं एक जुना फिल्मचा कॅमेरा आणला होता. न्हाणीघराच्या झरोक्याला काळं कापड लावलं, लाल दिवा टांगला, बादल्यांच्या जागी रसायनांचे ट्रे मांडले. पहिला रोल कोरा निघाला. फिल्म चाकात अडकलीच नव्हती. दुसऱ्यात उजेड शिरला. खालच्या इस्त्रीवाल्याचा फोटो तेवढा उमटला, तोही धुरकट. तिनं तो टोपलीत टाकला.

"दे बघू इकडे," आत्या म्हणाली. "आणि मशीनच्या खणातला कुंचला आण. कपाटावरच्या डब्यात रंगाच्या वड्या असतील, त्या भिजव."

"आत्या, पण तुझा हात..."

"दुसरा आहे ना."

डाव्या हातानं मला, लहान मूल चमचा धरतं तसं, मुठीत धरलं. आम्ही दोघंही थरथरत होतो. शर्टात भरायचा पिवळा रंग घसरला तो थेट आकाशात. आत्यानं मला खाली ठेवलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

भाची फोटो न्याहाळत होती. "पुसू नकोस. ऊन पडल्यासारखं वाटतंय."

आत्यानं मान तिरकी करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "खरंच की. याच्याच आणखी चार छापून आण."

त्या आठवड्यात काय काय केलं आम्ही! एका फोटोत आकाश हिरवं, एकात इस्त्रीची वाफ गुलाबी. एक फोटो तर चहात बुडवला. तो जुन्या पत्रासारखा तपकिरी झाला. "मालकांनी मला हाकलूनच दिलं असतं," आत्या म्हणाली आणि खुदकन हसली. किती महिन्यांनी हसली, ते मला विचारा. खणातून सगळं ऐकू येतं.

कपडे द्यायला इस्त्रीवाला आला, तेव्हा तिनं त्याला पिवळ्या शर्टातला फोटो दिला.

"असा शर्टच नाही माझ्याकडे," तो म्हणाला.

"आता आहे."

त्यानं फोटो दोन्ही हातांनी धरला, दारात उभा राहून पुन्हा पुन्हा पाहिला. "मग एक टोपी पण द्या की. जांभळी."

माझे निम्मे केस गळालेत आता. भाचीनं नवा कुंचला आणलाय. आत्या तिला म्हणाली, "तो तू वापर. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेतो."

तुमच्याकडेही कुणी हात आवरून बसलं असेल, तर एखादा बिघडलेला फोटो त्यांच्यापुढे ठेवून पाहा. घाई मात्र करू नका.

बरं, येतो मी. आत्यानं वाटीत पाणी घेतलंय आणि जांभळा रंग अजून कालवायचाय.