सिग्नलचा म्हसोबा

मुंजाजीने सिग्नलच्या दांड्याला हात घातला, तोच भामाबाईची काठी मध्ये आडवी आली.

“कौल न्हाई लावला अजून. देवाला तसंच वढतो का?”

पूल वाहून गेल्यापासून तीन वर्षे या स्टेशनात गाडी आली नव्हती. तेवढ्या काळात रुळांच्या कडेला तेलगावकडची मेंढरे बसू लागली आणि फलाटाच्या टोकाचा, सिग्नल ओढायचा हा लोखंडी दांडा शेंदरी होऊन म्हसोबा झाला. कधी झाला, कुणाला आठवत नव्हते. मुंजाजीला मात्र पक्के आठवत होते. लोक स्टेशनातले पत्रे, कंदील पळवू लागले तेव्हा एका पहाटे त्यानेच दांड्याला शेंदूर फासला होता. युक्ती अशी फळली की दांडा वाचला, सिग्नलपर्यंत जाणारी तार वाचली, वर नारळांचा खच पडला.

नवा पूल झाल्यावर आज गाडी पुन्हा सुरू होत होती आणि आत रेल्वेचे साहेब बसले होते. ती सिग्नलपाशी अडली, तर सिग्नल आणि रुळांचे सांधे ओढणाऱ्या सांधेवाल्याची, मुंजाजीला नुकती परत मिळालेली नोकरी आजच जाणार होती.

“मावशी, गाडी पुलाच्या पल्याड आली की.”

“येऊ दे. माझा सिदू तापातून उठला तो ह्येच्या पायाशी. इचारल्याबिगर हालवायचं न्हाई.”

खरे काय ते सांगून टाकावे, असे त्याच्या अगदी ओठांवर आले. पण सिदूचे नाव घेताना तिचे हात आपोआप दांड्याकडे जोडले गेले होते. मुंजाजीने वहाणा काढल्या.

भामाबाईने झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या दांड्याच्या दोन अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

“म्हसोबा, गावाची गाडी हाय. येऊ दे तिला,” मुंजाजी म्हणाला. आपण हे मनापासून म्हणालो, याचे त्याचे त्यालाच नवल वाटले.

पाकळ्या हलेनात. फलाटावरून स्टेशनमास्तर विठ्ठलराव हातवारे करत होते. शिट्टी झाली, गाडी पुलावर चढली. रुळांत थरथर आली, तारेत आली, दांड्यात आली. उजवी पाकळी सुटून खाली पडली.

मुंजाजीने दांडा ओढला. दूर सिग्नलचा हात पडला आणि इंजिन चाल न मोडता आत आले.

धुरातच भामाबाईने नारळ फोडला. अर्धी वाटी त्याच्या हातावर ठेवत ती म्हणाली,

“त्या पहाटी तुला शेंदूर फासताना पाह्यलं होतं म्या. मेंढरं घिऊन तिथंच होते.”

“मंग बोलली कावून न्हाईस?”

“काय बोलायचं? कोनी तरी लावावाच लागतो की.”

ती मेंढरांमागे निघून गेली. दांड्यावर त्याच्या मुठींच्या जागी उघडे लोखंड दिसत होते. मुंजाजीने मास्तरांना परतीच्या गाडीची वेळ विचारली. तोवर बाजारातून शेंदूर आणून होईल का, तेही विचारले.