दोन किलोची पितळी बाई

मित्रांनो, मी एक जुनी पितळी बाहुली आहे. बाहुली म्हटलं म्हणून खेळायला मागू नका. सत्तावन्न साली मुंबईत सिनेमावाल्यांचा बक्षीस समारंभ झाला, तिथलं मी बक्षीस. माझ्या दहा बहिणी होत्या. एक नायकाने नेली, एक नायिकेने. मला हाक आली सगळ्यांच्या शेवटी, तोवर अर्धे लोक जेवायला उठले होते. मी मिळाले नंदुरबारच्या नासिर कारागिराला. नायिकेचा जरीचा घागरा त्याने आठ महिने बसून भरला होता. समारंभाच्या फोटोत त्याची नुसती बाही आली, त्यानेच जरीने भरलेली. पण माझ्या बैठकीवर त्याचं नाव खोल कोरलेलं होतं.

नासिर गेल्यावर त्याची बायको हलीमा मला दर शुक्रवारी चिंचेने घासायची. मुलगा जावेद मिरची खरेदी करू लागला. त्याचं दोन किलोचं वजन हरवलं, तेव्हा त्याने मला तराजूत बसवलं. नायिकेच्या पंगतीतली मी, मिरचीच्या खकाण्यात आले.

एकदा मिरची विकायला आलेली छबूबाई म्हणाली, "जावेदभाऊ, तुन्ही बाई भलती जाड शे. मन्ही मिरची जास्ती जाई ऱ्हायनी."

हलीमाने ऐकलं. "घास तिले," ती मुलाला म्हणाली.

"अम्मी, अब्बानं नाव जाई."

"नाव माले पाठ शे. पराया बाईनी मिरची फुकट खाशी का?"

जावेदने बैठकीवर कानस चालवली. मी बरोबर दोन किलोची झाले, नाव गेलं.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून दोघे आले. त्या समारंभातल्या सगळ्या बाहुल्या त्यांना प्रदर्शनात मांडायच्या होत्या. मला उलटी करून विचारलं, "आजी, नाव कुठाय?" हलीमाने तीनदा सांगितलं. लिहिलेला पुरावा नव्हता. तिने फोटो दाखवला. "बाही देखा. अशी भरेल बाही दुसरा कोनी व्हती?" ते हसले आणि मला न घेताच गेले. प्रदर्शनात माझ्या जागी पाटी लागली, मानकरी माहीत नाही.

जावेद म्हणाला, परत कोरून आणतो. "आते कोरशी ते लोक खोटं म्हणतीन. ऱ्हाऊ दे," हलीमा म्हणाली. मग रोज ती माझ्या गुळगुळीत बैठकीवर बोट फिरवायची. रमजानच्या आधी ती गेली. आता मी मिरची वाळवायच्या मैदानात, पथारीवर, ताडपत्री उडू नये म्हणून पडून असते.

मित्रांनो, वस्तूवरचं नाव पुसण्याआधी कागदावर उतरवा, चार जणांच्या सह्या घ्या. पाठ आहे म्हणून बसू नका. आमच्या घराने छबूबाईचं माप खरं केलं, तेही कुठे कोरलेलं नाही.